साखर संपल्याची भीती

येळवस जवळ आली की माझ्या कानात इंग्रजी बोलणं सुरू होतं. कुणाला सांगितलं तर वयानं होतंय म्हणतील, म्हणून मी सांगत नाही. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. भर थंडीत, शाळूच्या कणसात दूध भरलेलं असताना, आमच्याकडं माणसं घराला कुलूप लावून शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पुजतात आणि दुपार कलेपर्यंत आंबील पीत बसतात. गावात त्या दिवशी चिटपाखरू नसतं.

यंदाही धाराशिवच्या बाजारात ओला वाटाणा, हरभऱ्याचे डहाळे, मेथी, चुका यांचे ढीग लागले. मी पुढ्यात सूप घेऊन भज्जीसाठी, म्हणजे येळवसेच्या मिसळ भाजीसाठी, शेंगा सोलत बसले होते. पलीकडं माझी नात, म्हणजे धाकट्या भावाची नात, कानात इयरफोनची बोंडं घालून डोळे मिटून बसली होती. तिला परदेशी शिकायला जायचंय. त्यासाठीच्या परीक्षेत एक भाग नुसता ऐकण्याचा असतो म्हणे. दोन माणसं साधंसुधं बोलतात. ग्रंथालयाचं कार्ड हरवलं, खोलीचा नळ गळतोय, बस किती वाजता सुटते. मग विचारतात, बाईला नक्की काय हवं होतं? नातीनं बोंडं काढून माझ्याकडं पाहिलं.

“आज्जी, शब्द सगळे कळतात गं. पण ती काय म्हणाली, तेच कळत नाही.”

शेंग माझ्या बोटांत तशीच राहिली. असंच एक वाक्य मी पूर्वी, एका हिवाळ्यात, रोज कुणाला ना कुणाला सांगत होते. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचा तो हिवाळा. म्हणजे हद्दीच्या पलीकडं स्वतंत्र. आमच्याकडं निजामच होता.

माझं नाव महानंदा. आमचं घर लिंगायताचं, धाराशिवात तेल-गुळाचं दुकान. आजीशी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, शाळेत उर्दू, आणि चौथी इंग्रजी, ती फक्त पुस्तकात. लग्न होऊन मी ईट गावी गेले आणि वर्ष भरायच्या आत तापानं नवरा गेला. सासरच्यांनी मला परत आणून सोडलं तेव्हा अव्वा, माझी आई, कानडीत रडली आणि शेजारणी मराठीत. अप्पा रडले नाहीत. त्यांनी माळ्यावरून माझं शाळेतलं इंग्रजीचं पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि देवळीत, दिव्याशेजारी ठेवलं. त्या पुस्तकाचं आता काय करायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दिवाळीत सोलापूरहून मामा आला. सोलापूर तेव्हा पलीकडं, स्वतंत्र मुलखात. मामानं बातमी आणली की तिथं एक इंग्रज डॉक्टरीणबाई दवाखाना चालवतात आणि पोरींना ठेवून घेऊन नर्सचं काम शिकवतात.

“विधवा चालती का?” अप्पांनी विचारलं.

“चालती. पण दाजी, बाई पुस्तकातलं काय बी इचारत न्हाय. समोर बसवती, घरातल्यावानी इंग्रजीत बोलती. पोरीला कळलं तर ठेवून घेती. न्हाय कळलं तर च्या पाजून वाटंला लावती.”

संक्रांतीनंतर घेऊन ये, असं मामानं ठरवूनच टाकलं होतं. तो गेल्यावर अप्पा मला म्हणाले, “तुला इंग्रजी येतंय न्हवं?”

“वाचायला येतंय, अप्पा.”

“आन् ऐकायला?”

इंग्रज माणूस बोलताना मी जन्मात ऐकला नव्हता.

अप्पा मला घेऊन रहमत मास्तरांकडं गेले. मास्तर आमचे इंग्रजीचे शिक्षक. उंच, किडकिडीत, शेरवानीची वरची गुंडी नेहमी तुटलेली. ते म्हणाले, “अप्पासाहेब, माझंही इंग्रजी पुस्तकातलंच. मी बोललो तर लंडनचा माणूस पळून जाईल. पण घरात ग्रामोफोनच्या इंग्रजी तबकड्या आहेत. शाळेसाठी हैदराबादेहून आणल्या होत्या, वाजवायची परवानगी मिळाली नाही. आता बीवी वाजवते. हिला दुपारी पाठवा तिच्याकडं.”

मास्तरांच्या बायकोचं नाव सकीना. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिला मूलबाळ नव्हतं, पडद्यामुळं बाहेर जाणं नव्हतं, आणि दिवस मोठा होता. मागच्या खोलीत चावीचा बाजा ठेवून ती त्या इंग्रजी तबकड्या गाण्यांसारख्या लावायची. सकाळी नाश्ता करणारं एक जोडपं. टोपी विकत घ्यायला आलेली बाई. स्टेशनचा रस्ता विचारणारा माणूस. हवा कशी आहे, एवढ्यावरच बोलणारे दोन म्हातारे. खालाला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्या बोलण्याचा अर्थही ठाऊक नव्हता. पण आवाज सगळे पाठ होते. पुरुषाचा जाड आवाज, बाईचा बारीक, मध्येच कपाला चमचा लागतो ती किणकिणसुद्धा.

माझं उलटं होतं. मला शब्द माहीत होते, पण ते त्या तबकडीत कुठं लपलेत ते सापडत नव्हतं. सगळं बोलणं एकाच लांब दोऱ्यासारखं यायचं, गाठ म्हणून नाही. मग आम्ही एक रीत काढली. तबकडी थांबवायची. खालानं तो तुकडा हळू म्हणायचा, परत म्हणायचा, आणि मी त्यातून शब्द वेचायचे.

“वुड्यूमाइंड,” खाला म्हणायची.

वुड म्हणजे लाकूड, एवढं मला माहीत. लाकूड, तू, मन. नाश्त्याच्या ताटावर लाकूड कशाला, यावर आमची एक अख्खी दुपार गेली. संध्याकाळी मास्तरांनी आल्यावर सांगितलं की ते लाकूड नाही, ती विनंती आहे. मला हायसं वाटायच्याऐवजी जास्तच गोंधळल्यासारखं झालं. विनंती करायला एवढा वळसा?

पण खऱ्या अडकलो त्या साखरेपाशी. नाश्त्याच्या तबकडीत नवरा चहा मागतो आणि बायको म्हणते, “आय ॲम अफ्रेड देअर इज नो शुगर.” हे वाक्य मला पहिल्याच दिवशी स्पष्ट ऐकू आलं. सगळे शब्द ओळखीचे. मी आनंदानं खालाला सांगितलं, “खाला, वो बोलती, शक्कर नै, मेरेकू डर लगता.”

खालानं बाजा थांबवला. “शक्कर नै तो डर कैकू?”

मला काय माहीत?

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “मरद मारता हुंगा उसकू.”

आम्ही दुसरी तबकडी लावली. टोपीच्या दुकानातही तीच बाई होती, निदान आवाज तोच. तिथंही ती म्हणाली की टोपी लहान होतेय अशी तिला भीती वाटते. हवेच्या तबकडीत म्हातारा म्हणाला, पाऊस येईल अशी भीती वाटते. “हर बातकू डरतीं ये लोगां,” खाला म्हणाली. “इत्ता बडा राज किया, और डरतीं!” पण त्या नाश्त्याच्या बाईची तिला फार काळजी लागली. नवरा पुढं काय म्हणतो ते ती पुन्हा पुन्हा ऐकायची. “आवाज तो नरम है उसका. सुन. नै मारता शायद.” दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका. एवढ्या लांबची, तबकडीतली बाई, पण दुपारी घरी जाताना माझ्याही डोक्यात तीच असायची. त्या बाईला कुणी आहे का, ती माहेरी का जात नाही.

मास्तरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “वो उनका अदब है.”

“डरना अदब है?” खालानं विचारलं.

मास्तरांनी पुढ्यात वह्या ओढल्या. त्या दिवसांत ते फार बोलायचे नाहीत. शाळेत हिंदू पोरांनी येणं सोडलं होतं, आणि त्यांच्या बिरादरीतले काही तरुण त्यांना रस्त्यात थांबवून विचारायचे की मास्तर, तुम्ही आमच्या जलशांना, सभांना का येत नाही? आमच्या गल्लीत लोक विचारायचे की मास्तर नक्की कुणाचे? मला तरी कुठं ठाऊक होतं? मला ते फक्त इंग्रजीचे मास्तर म्हणून माहीत होते.

नातीला मी एवढंच सांगितलं की आमच्या वेळीसुद्धा ऐकण्याची परीक्षा असायची. तिला ते खरं वाटलं नाही. “तेव्हा कुठं होते इयरफोन?” ती म्हणाली. मग परत कानात बोंडं घालून ती त्या नळ गळणाऱ्या खोलीत निघून गेली. मी शेंगांकडं वळले. हाताला काम असलं की मागचं बरोबर क्रमानं आठवतं, असा माझा अनुभव आहे. रिकामी बसले की सगळं एकदम येतं.

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत एकच रेडिओ होता, बसवणप्पा काकांच्या आडतीवर. बॅटरीचा. दिवेलागणीला तिथं पुरुषमाणसं जमायची. मराठी बातम्यांच्या वेळी नेमकी खरखर यायची. हैदराबादचं उर्दू स्वच्छ यायचं, पण त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. दिल्लीचं इंग्रजी मात्र खणखणीत लागायचं, आणि इंग्रजीत काही खोटं सांगत नसतील अशी सगळ्यांची समजूत होती. अडचण एवढीच की ते कुणाला कळत नव्हतं. अप्पा एक दिवस अभिमानानं बोलून गेले, “आमची महानंदा ऐकती की!”

झालं. रोज संध्याकाळी मला आडतीच्या आतल्या दाराआड पाट मिळायला लागला. बाहेर पोत्यांवर माणसं, आत मी, मध्ये पडदा. बातम्या संपल्या की बसवणप्पा काका विचारायचे, “काय म्हणला, माय?”

पहिल्या दिवशी मला एकच शब्द धड ऐकू आला. “स्टँडस्टिल म्हणाला, काका.”

“म्हंजी?”

“स्टँड म्हणजे उभं राहणं. स्टिल म्हणजे अजून.”

बाहेरून कुणीतरी म्हणालं, “अजून उभं ऱ्हायाचं? कुणी? आपुन का निजामानं?”

कुणाला हसू आलं नाही. पुढं कळलं की तो दिल्ली आणि हैदराबादमधला जैसे थे करार होता. पण त्या संध्याकाळी लोक ‘अजून उभं राहायचं’ एवढं घेऊन घरी गेले, आणि आता विचार केला तर ते अगदीच चुकीचंही नव्हतं.

मग मार्गशीर्षात वातावरण बिघडत गेलं. रझाकार आल्याच्या बातम्या आज या गावाहून, उद्या त्या गावाहून. काही घरं रातोरात हद्द ओलांडून बार्शीकडं गेली. राहिलेल्यांना एकच प्रश्न होता. एका संध्याकाळी रेडिओवर फौजेबद्दल काहीतरी सांगत होते. ट्रूप्स कळलं, बॉर्डर कळलं. पण फौज येणार की जाणार, ठेवणार की काढून घेणार, तो शब्द माझ्या कानातून निसटला. पडद्याबाहेरून काकांचा आवाज आला. “पोरी, नीट सांग. फौज येती का न्हाय? आमी जायाचं का ऱ्हायाचं?”

त्यांची सून बाळंतपणाला टेकलेली होती. ते कशासाठी विचारत होते ते मला माहीत होतं. काहीतरी एक सांगून टाकावं असं जिभेवर आलंही.

“मला कळलं नाही, काका.”

“कायबी कळलं न्हाय?”

“फौजेबद्दल होतं. पण येणार का जाणार, ते कळलं नाही.”

“मग मास्तरकडं जाऊन शिकतीस काय?” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “तिला कळलंय. मास्तरच्या घरी जाती ती. सांगायचं नसंल.” अप्पा उठून उभे राहिले. “माझी पोरगी कळलं न्हाय म्हणती म्हंजी कळलं न्हाय,” ते म्हणाले, आणि मला घेऊन घरी आले. ते माझ्यावर रागावलेत की लोकांवर, हे मला घर येईपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर त्यांनी अव्वाला सांगितलं, पोरीला दूध दे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी मी खालाकडं असताना दार वाजलं. जमादार, दोन शिपाई, आणि मागं मास्तरांच्या गल्लीतले काही तरुण. मास्तर शाळेत होते. खाला आतल्या पडद्यामागं गेली आणि मी ओसरीवर आले. जमादारांना खबर होती की या घरात रोज दुपारी कुणी पुरुष इंग्रजीत बोलतो.

“अंदर अंग्रेज कौन है?”

“कोई नहीं. बाजा है.”

“बाजा गाता है. बातें नहीं करता.”

मी बाजा ओसरीवर आणला. चावी देताना हात दोनदा घसरला. हाताला लागली ती तबकडी लावली, आणि ती नेमकी नाश्त्याची निघाली. जमादार डोकं वाकडं करून ऐकत राहिले.

“क्या बोल रहे हैं?”

“नाश्ता कर रहे हैं. मियाँ-बीवी हैं.”

“वो औरत अब क्या बोली?”

मी सांगितलं. शक्कर नहीं है, डर लगता है.

“शक्कर याने?”

“शक्कर ही.”

“और डर किस बात का?”

याच प्रश्नावर आम्ही दोघींनी कितीतरी दुपारी घालवल्या होत्या. मला खरंच माहीत नव्हतं. मागच्या तरुणांपैकी एक म्हणाला, “इशारे की जबान है साब. दिल्ली को पैगाम है. शक्कर माने बारूद.” जमादारांनी माझ्याकडं वळून पाहिलं. आता मास्तरांना नेणार, कदाचित मलाही, आणि अप्पांना कुणी काय सांगायचं.

तेवढ्यात पडद्यामागून तो जाड आवाज आला. तबकडीतला नवराच बोलायला लागला. मग बारीक आवाज. मग परत जाड. खाला तबकडीबरोबर बोलत होती, अक्षराला अक्षर लावून. मी सुई उचलली. तबकडी थांबली, खाला थांबली नाही, उलट पहिल्यापासून म्हणायला लागली. चहा, साखर, भीती, नवऱ्याचं गुळमुळीत उत्तर, चमच्याची किणकिण, सगळं. एक शिपाई नकळत मागं सरकला.

संपल्यावर जमादार पडद्याकडं न बघता म्हणाले, “बीबी, इसका मतलब क्या है?”

“मेरेकू क्या मालूम, भाईसाब,” खाला म्हणाली. “मैं खाली सुनती. ये बच्ची मतलब लगाती, वो भी गलत लगाती.”

जमादारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसणं होतं का, मला सांगता येणार नाही. त्यांनी तबकड्या गोणपाटात भरल्या. हैदराबादेला पाठवतो, तिथं समजणारे आहेत, असं म्हणाले. बाजा ठेवला. मास्तरांना मात्र शाळेतून बोलावून संध्याकाळपर्यंत चावडीवर बसवून ठेवलं.

मी अंधार पडायच्या आत घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना. मास्तर आले. शेरवानी खुंटीला लावली, भिंतीला टेकून बसले आणि चहा मागितला. खाला चुलीपाशी गेली, डब्यात वाकून पाहिलं, आणि त्या बारीक आवाजात म्हणाली, “आय ॲम अफ्रेड देअर इज नो शुगर.”

मास्तर हसले. त्या हिवाळ्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. मग त्यांनी आम्हाला नीट समजावलं. म्हणाले, ती भीती नव्हे. जे सांगणं जिवावर येतं, ते सांगायच्या आधी ते लोक असं म्हणतात. खाला म्हणाली, “मग मारत नाही तो?” हे मात्र तिनं चक्क मराठीत विचारलं. मास्तर म्हणाले, “नाही मारत.” तिनं खरंच सुटकेचा निःश्वास टाकला. डब्यात खरोखर साखर नव्हती की ती गंमत होती, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांनी गूळ पाठवला.

तबकड्या गेल्या, पण दुपारी मी जात राहिले. आता खालाच तबकडी झाली. ती सांगायची, मी ऐकायची. येळवसेला अप्पांनी मास्तर आणि खाला दोघांनाही शेतात बोलावलं. पडद्याच्या गाडीतून खाला आली तेव्हा शेजारच्या शेतांतला कलकलाट थोडा वेळ थांबला. अव्वानं मात्र काही झालंच नाही अशा थाटात पान वाढलं. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील. “इसमें क्या क्या है गे?” खालानं विचारलं. अव्वा एकेका भाजीचं नाव कानडीत सांगायची, मी ते मराठीत करायची, खाला दख्खनीत. इंग्रजी नाव एकीचंही कुणाला आलं नाही. मास्तरांनाही नाही. जेवण झाल्यावर कोपीच्या सावलीत खालानं हवेची तबकडी म्हणून दाखवली, “लव्हली मॉर्निंग, इझन्ट इट?” अव्वाला त्यातलं शेवटचं फार आवडलं. म्हणाली, हे आपल्या ‘हाय का न्हाय’सारखं लागतंय. मास्तर म्हणाले, अगदी तेच आहे. सबंध हिवाळ्यात कुणाला पहिल्या झटक्यात काही कळलं असेल, तर ते अव्वाला.

संक्रांत झाली आणि अप्पा मला घेऊन निघाले. तुळजापूरपर्यंत टांगा, पुढं मोटार. सोलापूरच्या अलीकडं हद्दीवर नाका होता, तिथं सगळ्यांना उतरवून बोचकी सोडून पाहिली. अलीकडं एक झेंडा, पलीकडं दुसरा, मधल्या पट्ट्यात कुणीतरी ज्वारी पेरली होती. ती ज्वारी कोणत्या राज्यातली, असा विचार माझ्या मनात आला. अप्पांना सांगितला नाही.

दवाखान्यात मला एका खोलीत नेलं. अप्पा बाहेर अंगणात उभे राहिले. डॉक्टरीणबाई आल्या. थोराड बांधा, पिकलेले केस, बाह्या कोपरापर्यंत वर. त्या बसल्या आणि बोलल्या. एकही शब्द तबकडीसारखा नव्हता. त्या शब्द घशातच गिळत होत्या, र लांबवत होत्या. त्या स्कॉटलंडच्या होत्या हे मला फार पुढं कळलं. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की हे इंग्रजी नाहीच. चूक मामाची झाली, या बाई दुसऱ्याच कुठल्या देशाच्या आहेत.

त्या उत्तराची वाट बघत होत्या. मान हलवून हो म्हणावं, की नाही? मी खालाचं एक वाक्य उचलून पुढं केलं, “प्लीज से इट अगेन, आय डिड नॉट अंडरस्टँड.” स्टेशनचा रस्ता विचारणाऱ्या माणसाचं वाक्य ते.

बाईंनी परत सांगितलं. परत नाही कळलं. मी तेच वाक्य परत म्हटलं. तिसऱ्यांदा त्या हळू बोलल्या, आणि खिडकीबाहेर बोट केलं. तेव्हा शब्द एकेक सुटे झाले. तुझ्याबरोबर आलेला तो माणूस उन्हात का उभा आहे? त्याला सावलीत बसायला सांग.

मी धावत बाहेर गेले. अप्पांना कानडीत म्हटलं, इकडं बसा, बाई सांगतायत. ते व्हरांड्यात बाकावर अगदी काठावर टेकले. मी परत आत आले. बाई हसल्या, लांबलचक काहीतरी बोलल्या, आणि उठून निघून गेल्या. परीक्षा तीच होती की त्यांना खरंच अप्पांची कणव आली, हे मला आजवर समजलेलं नाही. पुढं इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण विचारायचं राहून गेलं.

“काय झालं? घेतलं का?” अप्पांनी विचारलं.

“कळलं नाही, अप्पा.”

मग आम्ही दोघं बोचकं मध्ये ठेवून त्या बाकावर बसून राहिलो. निघावं तर घेतलं असलं तर? थांबावं तर नको म्हटलं असलं तर? अप्पांनी एकदा बोचकं उचललं, परत ठेवलं. शेवटी एक मराठी नर्स आली आणि ओरडलीच, “अगं, तू इथंच काय बसलीस? बाईंनी केव्हाचं सांगितलंय ना, खोली बघून घे म्हणून?”

अप्पा तोंड फिरवून उपरण्यानं चेहरा पुसत राहिले. मी आत गेले ती नर्स होऊनच बाहेर पडले, आणि पोटापुरतं नव्हे, मन भरेल इतकं काम केलं.

त्याच वर्षी भाद्रपदात फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं. त्या दिवसांत दवाखान्यात जे आले, त्यांच्याविषयी मी कधी फार बोलले नाही. आधी रझाकारांनी मारलेली-झोडलेली एका बाजूची माणसं येत होती, नंतर सूड सुरू झाला तशी दुसऱ्या बाजूची आली. कानडी, मराठी, दख्खनी, इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून बाई मला खाटेखाटेशी घेऊन फिरायच्या. कुणी दख्खनी बोलणारी बाई आली की काम सोडून मी आधी तिचा चेहरा बघायची. मग विचारायची, धाराशिवच्या का? बहुतेक जणी बोलतच नसत.

दिवाळीला रजा मिळाली. घरी बोचकं टाकलं आणि मास्तरांच्या घरी गेले. दारात एक नवे कारकून उभे होते, नुकतेच बदलून आलेले. आधीच्या लोकांविषयी त्यांना काही माहीत नव्हतं. मग मी खालाला बांगड्या भरायला जाणाऱ्या कासारणीला गाठलं. ती म्हणाली, “हैदराबादला गेली माय, भावाकडं. जाताना माझ्याकडून हिरव्या भरून घेतल्या.” आडतीवर बसवणप्पा काकांच्या मांडीवर नातू खेळत होता. ते म्हणाले, “हैदराबाद न्हाय, गुलबर्ग्याला. म्या सोता गाडी जोडून दिली.” शाळेच्या म्हाताऱ्या शिपायानं दोन्ही खोडून काढलं. “मुंबईला गेले साहेब. तिथनं बोटीनं पार कराचीला. बाईसाहेब बोटीला भीत हुत्या.”

तिघांनीही शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं. तिघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. एकीनं हिरव्या बांगड्या सांगितल्या, दुसऱ्यानं गाडी, तिसऱ्यानं बोट. मी शाळेच्या पायरीवर थोडा वेळ उभी राहिले. तिन्ही उत्तरांत खाला जिवंत होती.

समोरून गल्लीतलं एक ओळखीचं माणूस येत होतं, थांबून बोलणारं, सगळ्यांची खबर ठेवणारं. मी पदर सावरला आणि चौथं उत्तर कानावर पडायच्या आत रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं घरी गेले.